कुरळे केस आणि खारपाणपट्टा : वर्षभराचा अनुभव

पूर्णाकाठची

कुरळ्या केसांवर मराठीत जे काही सापडतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या नळाला धरून लिहिलेलं असतं. व्हिडिओतल्या बायका तर त्याहून लांबच्या. अकोट-दर्यापूरकडे बोअरच्या पाण्यानं डोकं धुणाऱ्या बाईला त्यातलं निम्मं लागूच पडत नाही. वर्षभर निगुतीनं सगळं करून पाहिलं, त्यातलं काय टिकलं नि काय गळालं ते मांडते. इथल्या बाकीच्या कुरळ्यांनी भर घाला.

पार्श्वभूमी थोडक्यात. माहेर नागपूर, सासर खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागात. केस जन्मापासून कुरळे, म्हणून शाळेत तेल चोपडून दोन वेण्या आणि वर 'झिपरी' ही पदवी. लग्नाआधी पार्लरमध्ये रीबॉन्डिंग केलं. फोटो छान आले. पुढे वरून कुरळे, खालून सपाट असे दुमजली केस घेऊन फिरत होते. रीबॉन्डिंगमध्ये केसातले डायसल्फाइड बंध रसायनानं तोडतात आणि केस सरळ धरून पुन्हा जोडतात. तेवढा भाग परत वळत नाही, कितीही महागाचं सीरम लावा. मुळाकडून नवा केस येतो तो महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाकाठी पाच-सहा इंच. तेवढं वाढू दिलं आणि खालचं कापून टाकलं. सासूबाईंनी अबोला धरला, पण तो पोळ्याच्या आत निवळला. "तीन महिन्यांत कर्ल परत" असं कोणी विकत असेल तर पैसे पदरालाच बांधून ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट, पाणी. माझ्या मते इकडे केसांचा ऐंशी टक्के प्रश्न पाण्याचा आहे आणि बाटल्यांचा नंबर त्यानंतर लागतो. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारं, बऱ्याच ठिकाणी जडही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट राप तयार करतं. सरळ केसावरून तो कंगव्यानं थोडा तरी निघतो, कुरळ्या केसाच्या वळणावळणावर बसून राहतो. धुऊनही केस चिकट, वाळल्यावर राठ, आणि बाई म्हणते शाम्पू वाईट.

आपलं पाणी तपासायचं तर रिकाम्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस टाका नि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली नितळ पाणी असेल तर नशीबवान आहात. फेस नाही आणि पाणी दह्याच्या निवळीगत गढूळ झालं, तर पुढचं वाचा.

डोक्याला वडीचा साबण पहिल्यांदा बंद केला. शाम्पूत साबण नसतो, त्यामुळे त्याचा तसा राप होत नाही. दुसरं, न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन-तीन तांबे गोड्या पाण्याचे. आमच्याकडे प्यायला आरओचा वीस लिटरचा जार येतो. त्यातलं पाणी डोक्यावर ओतते म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते ओळखा. मग वान धरणाच्या योजनेचा नळ ज्या दिवशी येतो तोच न्हाण्याचा दिवस ठरवला. सोमवारी न्हाऊ नये, शनिवारी न्हाऊ नये हे सगळं नळापुढे आपोआप गप्प झालं. पावसाळ्यात टिनाच्या पागोळ्यांखाली ड्रम लावते. पहिले दोन पाऊस सोडून द्यायचे, टिनावरची घाण धुऊन जाऊ द्यायची. पुढचं पाणी केसाला इतकं मानवतं की श्रावणात मला जवळपास काहीच लावावं लागत नाही.

पाणी उकळून फायदा झाला, पण अर्धाच. उकळल्यानं जडपणाचा एकच प्रकार खाली बसतो, क्षार तसेच राहतात. तुरटीनं गाळ बसतो, जडपणा जात नाही. रापासाठी आंबट पाणी चालतं : तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, लावून मिनिटभरानं गोड्या पाण्यानं काढायचं. शाम्पूच्या मागे बारीक अक्षरात ईडीटीए लिहिलेलं असेल तर उत्तम, ते क्षाराला धरून ठेवतं.

तेल टाळूला कमी, टोकांना जास्त. टाळूतलं तेल सरळ केसावरून घरंगळत खाली येतं. वळणाच्या केसात ते टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून आपली टाळू तेलकट आणि टोकं रखरखीत. मी न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल लावते.

उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर. हवा इतकी कोरडी की ग्लिसरीनवाली क्रीम लावली की केस मऊ व्हायच्या ऐवजी राठ. ती ट्यूब कपाटात गेली ती दसऱ्याला बाहेर आली. डोक्याला सुती ओढणी घट्ट बांधून स्कूटीवर गेलं की आतले केस घासून तुटतात. आता आत साटनचा तुकडा, वर ओढणी. हा साटन म्हणजे टेलरकडे परकराचा उरलेला. उशीची खोळही त्याचीच शिवून घेतली. टॉवेल सोडला, जुन्या सुती लुगड्यानं टिपते, घासत नाही. विंचरणं फक्त ओल्या केसात, कंडिशनर असताना, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून मुळाकडे.

पावसाळ्यात फुगणाऱ्या केसांना जेल लागतं, आणि त्यासाठी विकत काही आणू नका. आपल्याकडे जवस आहे. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सारखं ढवळत राहा. पळी उचलल्यावर तार सुटायला लागली की तिथेच गॅस बंद. गाळायचं गरम असतानाच. गार झालं की बी आणि चिकट एकमेकांना सोडत नाहीत, मग ते सगळं गुरांच्या ढेपेत घालावं लागतं. जुन्या ओढणीच्या तुकड्यात ओतून वरून चिमट्यानं दाबत खाली ओढायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, बाहेर दुसऱ्या दिवशी वास सुटतो. निथळत्या केसांना लावून मूठ मिटत वरच्या दिशेनं दाबायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, घाबरू नका, तळहातानं चुरगाळले की मोकळे होतात.

शिकेकाईची पूड थेट लावू नका, भुसा महिनाभर निघत राहतो. काढा करून गाळून घ्या. कांद्याचा रस : वास राहिला, केस होते तसेच. अंडं : थंड पाण्यानंच काढा, एवढंच सांगते.

मु_पो_मंगरूळ

वाचनखूण साठवली ताई. माह्या पोरीचे केस असेच कुरये हायेत. शायेत दोन येण्या पाह्यजेच म्हणते बाई. सकाळी इचरतानी घरात महाभारत होते बाप्पा. त्यात आता उवा झाल्या. बारीक फणी त्या केसातून जातच नाही, काय करा लागते सांगजा.

शंकासुर

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक शंका. आमची आजी नदीवर काळ्या मातीनं केस धुवायची. ना शाम्पू, ना कंडिशनर, ना साटनचा परकर. मरेपर्यंत बुचडा हातात मावत नव्हता. एवढे सोपस्कार खरंच लागतात की ही हौस आहे? हलके घ्या.

काळी_कसदार

शंकासुर, तुमच्या आजीच्या न्हाण्यात रसायनशास्त्र होतं, बाटली नव्हती एवढंच. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तीच पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तीच तेल शोषून घेते. आणि आजी धुवायची नदीच्या वाहत्या पाण्यात. आज त्या नदीत पाणी दाखवा, मी पण मातीनं धुतो.

मी यवतमाळकडचा, कापूसवाला, पुरुष आणि कुरळा. न्हाव्याकडे गेलं की तो विचारत नाही, सरळ मशीन फिरवतो, "भाऊ, गरम नाही होणार." आम्हा लोकांचं केसांचं ज्ञान तिथेच संपतं. यंदा वाढवले. वेचणीच्या दिवसात केसात रुई अडकते, ती ओढून काढायची नाही, तेलाचा हात लावून सोडवायची. आणि एक गोष्ट सौंदर्याची नाही : फवारणी. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरायचं नाही. दाट कुरळ्या केसात औषधाचा फवारा बसून राहतो. टोपी घाला, घरी आल्याबरोबर लेकराला हात लावायच्या आधी शाम्पूनं डोकं धुवा, फवारताना डोक्याला बांधलेला दुपट्टा बाकी कपड्यांत टाकू नका. त्या दिवशी "आठवड्यातून दोनदाच धुवा" वगैरे नियम बाजूला.

रसायनवाला_अण्णा

पूर्णाकाठची, पाण्याबद्दल अगदी नेमकं लिहिलंय. दोन भर.

खोबरेल आदल्या रात्री लावता ते बरोबर. रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेल यांची तुलना केली. धुताना केसातली प्रथिनं निघून जातात ती फक्त खोबरेलानं लक्षणीय कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यानं केसाच्या आत शिरतं. हे काम मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलंच होतं, हेही लक्षात असू द्या. पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे.

कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल अजिबात नको. कोंड्यामागची मॅलासेझिया ही बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. "कोंडा झाला, तेल लाव" हा घरोघरचा सल्ला म्हणजे तिला जेवायला वाढणं. औषधाच्या दुकानात केटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो, तो टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवा. टोकांना लागला तर केस राठ होतात, म्हणून टोकांना आधी कंडिशनर लावून ठेवा.

शाम्पूची बाटली बघताना पीएच दिला असेल तर पाचच्या आसपासचा घ्या. साबणाचा नऊ-दहा असतो, त्यानं केसावरचे खवले उघडे पडतात.

आणि पार्लरमध्ये "केराटिन" म्हणून जे लावतात, ते गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सोडू शकतं. डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर खुर्चीतून उठा. लाज धरू नका.

शेगावची_लेक

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये आमच्या तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. हात लावला की पुंजका हातात. काही जण तीन-चार दिवसांत टकले झाले. टीव्हीवर 'टक्कल व्हायरस' म्हणून दाखवलं. सोयरीक जुळवायला आलेले लोक गावाचं नाव ऐकून परत फिरायचे, इतकी दहशत. सगळ्यांनी आधी पाण्यालाच दोष दिला. नंतर आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक आलं, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने नेले. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात जास्त झालेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले.

हे सांगायचं कारण म्हणजे खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, हे मान्य. पण मुळासकट पुंजकेच्या पुंजके गळत असतील तर लिंबू-व्हिनेगर करत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डेंगू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतं. बायकांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं ठीक आहे. कुरळ्यांचे ते न्हाण्याच्या दिवशीच एकदम निघतात आणि जीव घाबरा होतो.

मेळघाटाच्या_पायथ्याशी

+१. माझ्या मावशीनं हा धागा ऐकला (हो, वाचून दाखवला) आणि पहिलं वाक्य : "कोरडं विंचरायचं नाही म्हणजे जट येणार." आमच्या गावात दोघींना जट आहे. देवीची म्हणून कापू देत नाहीत, मान दुखते तरी. तिला काय सांगू?

पूर्णाकाठची

मावशींना सांगा, विंचरणं बंद केलेलं नाही, वेळ बदलली आहे. जट होते ती गुंता महिनोन्महिने न सोडवल्यानं, त्यात तेल-मळ साचून. प्रत्येक न्हाण्याला ओल्या केसातून कंगवा शेवटपर्यंत फिरत असेल तर जट होत नाही. झालेली जट कापायची तयारी असेल तर अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते घरी येऊन घरच्यांशी बोलतात आणि मग कापतात. घरच्यांना न विचारता कात्री चालवण्यापेक्षा ते बरं. त्या दोघींना मानेचं दुखणं जटेच्या वजनानं आहे एवढं जरी पटलं तरी पुष्कळ.

शंकासुर, हौस आहेच. त्यात वाईट काय? पण शाळेत रोज रडत वेण्या घालून घेणाऱ्या पोरीला विचारा, तिच्यासाठी ती हौस नाही.

अण्णा, केटोकोनाझोलच्या वेळी टोकांना आधी कंडिशनर, ही युक्ती माहीत नव्हती. आभार.

अटलांटाचा_वऱ्हाडी

गाव मोर्शी, सध्या मुक्काम अटलांटा. इथे कृष्णवर्णीय बायकांची सलून बघितल्यावर कळतं की ज्याला आपण नवीन फॅड म्हणतो ते त्यांच्याकडे घरोघर आहे. रात्री डोक्याला साटनची टोपी, ओल्या केसातच गुंता सोडवणं, केसांचे भाग पाडून एकेक भाग हाताळणं, हे सगळं आजीकडून नातीकडे आलेलं. व्हिडिओतले २सी, ३बी वगैरे आकडे ओप्रा विन्फ्रेच्या केशभूषाकार आंद्रे वॉकर यांच्या तक्त्यातून आलेत. तो तक्ता केसाचं वळण सांगतो, केस किती पाणी पितो ते सांगत नाही, म्हणून एकाच आकड्याच्या दोघींना एकच क्रीम चालेल असं नाही. केस पाण्याच्या ग्लासात टाकून बुडतो की तरंगतो बघायचं, तेही सोडून द्या. केसावर जरा तेल असलं तरी तो तरंगतो.

मंगरूळच्या ताई, शाळेबद्दल : इथेसुद्धा केसांवरून पोरांना शाळेतून आणि मोठ्यांना नोकरीतून घरी पाठवलं जायचं. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदाच केला की केसाचा पोत किंवा वेण्यांची पद्धत यावरून भेदभाव करायचा नाही. नंतर इतरही राज्यांनी केला. बाईंना कायदा दाखवायची गरज नाही, पण शिस्तीचा नि सरळ केसाचा संबंध नाही एवढं सांगून बघा.

मु_पो_मंगरूळ

अटलांटावाले भाऊ, आमच्या बाईले कायदा सांगतला तर थे मलेच वर्गात बसवतीन 😀 पण बोलतो. उवांचं कोणी सांगतलं नाही अजून. आणि लिंबू चालते का व्हिनेगरच्या जागी? आमच्या दुकानात व्हिनेगर भेटत नाही.

पूर्णाकाठची

लिंबू चालतं, पण सकाळी लावून पोरीला उन्हात पाठवू नका. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर कपाळावर, मानेवर भाजल्यासारखे काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. संध्याकाळी, तांब्यात अर्धं लिंबू, बिया गाळून, आणि नंतर साध्या पाण्यानं नीट धुवायचं.

उवांसाठी कोरड्या केसात फणी घालायचीच नाही. पर्मेथ्रिनचं एक टक्क्याचं औषध दुकानात मिळतं, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवून धुवा. मग भरपूर कंडिशनर लावा. इतकं की केस हातातून निसटले पाहिजेत. मोठ्या कंगव्यानं गुंता काढा, केसांचे आठ-दहा भाग करून चिमटे लावा. एकेक भाग सोडून बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत, दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसायची. कापडावर काय आलं ते दिसतं, पोरीलाही मजा वाटते. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं दोन-तीन आठवडे, कारण लिखा फुटत राहतात. नऊ-दहा दिवसांनी औषध परत एकदा. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा, नाहीतर आजीच्या बुचड्यातून परत येतात. रॉकेल कोणी सुचवलं तर ऐकू नका.

वेण्या घालायच्याच असतील तर रात्री, केस ओलसर असताना, जवसाचं जेल लावून सैल घाला. सकाळी वरून फक्त ओला हात फिरवा आणि रिबन बांधा. विंचरायची गरजच पडत नाही.

काळी_कसदार

जवस गाळायला ओढणीपेक्षा चहाची स्टीलची मोठी गाळणी बरी, पहिल्या घाण्यात लक्षात आलं. आणि ताई, उरलेल्या बिया ढेपेत टाकल्या, गायीनं आधी खाल्ल्या.

मु_पो_मंगरूळ

रात्रीच्या येण्या जमल्या. सकाळी रडारड नाही झाली. बाईनं इचारलं, तेल काहून नाही लावलं? मी म्हणलं लावलं हाय, टोकाले. उवा अजून हायेत थोड्या. आज दुसऱ्यांदा फणी करून रायली.